मानेवरचा डाग

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा मान! आईने लिंबू-सोडा लावून इतकी खसाखसा घासली की कॉलर टेकवत नाहीये. लॉण्ड्रीत काम करणाऱ्या बाईच्या मुलीची मान काळी म्हणजे काय! "लोकांचे शाईचे डाग काढते मी, तेलाचे काढते, आणि घरचाच निघेना? नीट आंघोळ करत जा गं बाई!" करते! रोज करते!! पण जाड्या पोरीचं ऐकतो कोण? वर्गात मागच्या बाकावरून आलंच — "ए ड्रम, घरी साबण नाही का?" सगळे हसले. मीपण हसले. मूर्खच आहे मी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेत आरोग्य तपासणी होती. सगळ्यांसमोर काट्यावर चढायला नको म्हणून पोटात दुखतंय म्हणाले. तर वर्गाच्या बाईंनी थेट तपासणाऱ्या नर्सच्या, सिस्टरांच्याच खोलीत पाठवलं! आगीतून फुफाट्यात.

सिस्टरांनी पडदा ओढला, वजन घेतलं, आकडा मोठ्याने वाचला नाही. एवढ्यानेच अर्धा जीव भांड्यात पडला. मग माझी वेणी बाजूला केली. मी लगेच म्हणाले, "मी रोज आंघोळ करते."

"अगं, हा मळ नाहीच मुळी!" वजन खूप वाढलं की शरीरात इन्सुलिन वाढतं म्हणे, आणि मग मानेची कातडी अशी काळवंडते. घासून जात नाही. "रक्तातली साखर बघायला हवी. हल्ली तुझ्या वयाच्या पोरांच्या अशा कितीतरी माना बघते मी. तू एकटी नाहीस."

मळ नाही! मी घाणेरडी नाही! तिथेच भोकाड पसरलं. सिस्टरांनी रडू दिलं. उपदेश नाही, काही नाही. सिस्टरांचं भलं होवो.

६ फेब्रुवारी

आईला सांगितलं. "तुझ्या सिस्टरला डागांतलं काय कळतं?" पण आज घासलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आई स्वतः सिस्टरांना भेटून आली! डोळे लाल. मला पुढ्यात बसवलं आणि मानेला मलम लावत राहिली. "किती घासलं गं मी तुला." मी म्हणाले, जाऊ दे ना. इतक्या हळू हाताने तिने मला कधी हात लावला होता, आठवत नाही. फार बरं वाटलं.

मग म्हणाली, रोजची कोल्ड्रिंकची गोड बाटली आजपासून बंद. मी शाळेतून आल्यावर घरात एकटी असते ना, म्हणून कामावरून येताना आणायची बिचारी. अर्धी मला, अर्धी तिला. तेवढेच आमचे लाड.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उपाशीपोटी रक्त द्यायला गेलो. सुई बघितली आणि माझी गाळण उडाली. "आधी तू टोचून घे, मग मी!"

"मला काय धाड भरलीये?" म्हणाली, पण बाही वर केली. रक्त घेणारे काका हसले. "चला, दोघींचं करून टाकू." तिने तोंड जराही वाकडं केलं नाही, म्हणून मीही नाही केलं. अशी आई सगळ्यांना मिळो.

११ फेब्रुवारी

माझी साखर काठावर! म्हणजे अजून पलीकडे गेली नाही. गोळ्या नाहीत. चालायचं, वेळेवर झोपायचं, गोड पिणं बंद. सिस्टर म्हणाल्या, "वेळेत सापडलीस." मी त्यांना मिठीच मारली. आईचं रक्त पुन्हा तपासणार आहेत म्हणे. "मशीन बिघडलं असेल," आई म्हणाली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मशीन बिघडलेलं नाही. आईची साखर माझ्या तिप्पट. डॉक्टर तिच्यावर ओरडलेच — "किती वर्षं अशाच हिंडताय? आणखी थोड्या दिवसांनी डोळे गेले असते!" आजपासून औषधं सुरू. वाचली. माझी आई वाचली.

बरं झालं माझी मान काळी पडली.