पट्टा कापला, आबा

आबा, तुमचा दांडपट्टा कापावा लागला. आधी हेच सांगून टाकतो, कारण मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो की तुमची भुवई वर जायची आणि मूळ गोष्ट माझ्या घशातच राहायची. तुम्हाला जाऊन कितीतरी पावसाळे झाले. तुमच्या लेकाचे केस पिकले, तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की मी अजून आधी दाराची चौकट धरतो. पातं शाबूत आहे, घाबरू नका. कापला तो खोबळा, हात कोपरापर्यंत झाकणारं ते लोखंडी आवरण, ज्याच्या आतली आडवी मूठ धरून आपण खेळायचो. तलवार हातातून टाकून देता येते, पट्टा टाकता येत नाही, कारण हातच त्याच्या आत असतो. हे तुम्ही शिकवताना मोठ्या अभिमानाने सांगायचात. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून फार काही आनंदाचं वाटलं नव्हतं.

तो दसरा मी किती वेळा आठवला असेन. हिर्डोशीचं आपलं अंगण सारवलेलं आहे, वाडीतली सगळी माणसं जमलेली आहेत. माझं आयटीआय झालंय, पिंपरीच्या कारखान्यातून बोलावणं आलंय, आणि आत माझी पिशवी भरून खुंटीला टांगलेली आहे. पिशवी तुम्हाला दिसली नसेल असं होणारच नाही, तुम्ही तिच्याखालीच जेवायला बसायचात. तुम्ही देव्हाऱ्यातून पट्टा घेऊन बाहेर येता आणि म्हणता, "हात म्होरं कर." मी करतो. "आमच्या वस्तादांनी मला घातला, म्या तुला घातला. आता ह्यो तुझा." लोक ओरडतात, कुणीतरी हलगी वाजवतो, आणि माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. आपल्यात ही रीतच आहे, वस्तादाने हात पुढे करायला सांगितलं की विचारायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. संध्याकाळी आई चुलीपुढे माझं मनगट तेलाने चोळत होती. तिने हळूच विचारलं, "तुला जायचं व्हतं न्हवं?" मी म्हटलं, "न्हाई." तुम्ही तिथेच नाचणीची भाकरी मोडत होतात. तुम्ही ते ऐकलंत की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारायची सोय तुम्ही कधी ठेवली नाहीत.

मग भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक झालो. आठवडाभर गाड्यांच्या पोटाखाली आडवं पडायचं आणि रविवारी लोकांसमोर. तुमच्या वेळी आपला खेळ जत्रेत, वरातीत व्हायचा आणि त्याला खेळच म्हणायचे. आता आपल्या मंडळाच्या जाहिरातीवर 'शिवकालीन युद्धप्रसंग' असं छापतात. अंगरखे आहेत, ढाली आहेत, माईकवर निवेदन करायला शाळेतले एक गुरुजी आहेत. कधी पानशेतला पुण्याच्या पाहुण्यांसमोर, कधी गुंजवण्याला गडाच्या पायथ्याशी, कधी प्रदर्शनाच्या मैदानात ट्रॅक्टर आणि ठिबकच्या नळ्यांच्या मधोमध आम्ही लढतो. खिंड अडवून मरणारा मावळा मी. इतक्या वर्षांत दुसरं काही केलं नाही. प्रयोग तीन असले की तीनदा मरायचं. एका बाईंनी मला सांगितलं, "काका, परत एकदा मेल्यासारखं झोपा ना, मुलाला फोटो हवाय." झोपलो. काय करणार?

मला मारणारा माझा भोरचा शिंपी दोस्त आहे. आमचे सगळे अंगरखे त्याच्याच मशीनवर शिवलेले, आणि ईदचा शीरखुर्मा आपल्या घरी येतो तो त्याच्याकडूनच. शत्रूचा सरदार दर वेळी तोच होतो. एकदा त्याने गुरुजींना म्हटलं, "ह्या खेपेला मी मावळा हुतो की. त्या फौजेत आमचीबी माणसं व्हती." गुरुजी हसले आणि म्हणाले, लोकांना सवय झालीय, आता बदलू नका. तो मला म्हणाला, "तुमी एकदा मरता न् सुटता. मी जिता ऱ्हाऊन लोकांच्या शिव्या खात घरी जातो." आम्ही दोघं खूप हसलो. पण मोटारसायकलवर बसण्याआधी त्याने सरदाराचं पागोटं पिशवीच्या तळाशी कोंबलं.

सोडायचं मी अनेकदा ठरवलं, आबा. गुडघे गेले, खांदा रात्री झोपू देत नाही. पण विषय काढला की मंडळातले जुने लोक एकच म्हणतात, "पट्टा तुमच्या घरात हाय. तुमी न्हाई तर कोण?" आणि असं म्हणताना ते माझ्या लेकीकडे बघतात. तुमची नात माझ्यापेक्षा चांगली खेळते, हे तुम्हाला आवडलं असतं की नाही, देव जाणे. पायाखालचं लिंबू ती एका फेरीत कापते. नर्सिंगचं शिकली, आणि दवाखान्यातून सुट्टी मिळाली की मंडळात येते. येत्या दसऱ्याला मी तिला हात पुढे करायला सांगणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही धरलं होतं. तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यातल्या प्रदर्शनात दुसरा प्रयोग चालू होता. धूळ बसावी म्हणून नुकतंच टँकरने पाणी मारलेलं, त्यामुळे मैदान निसरडं. मी नेहमीप्रमाणे पडलो. मेलास तरी पट्टा भुईला लागता कामा नये, हा तुमचा नियम मी अजून पाळतो. त्यामुळे मी मरतो तो हात वर करून मरतो आणि पोरंटोरं हसतात. माझा दोस्त मला ओलांडून पुढे पळायला गेला, त्याचा पाय घसरला आणि तो ढालीसकट माझ्या वर धरलेल्या हातावर आदळला. खोबळा मनगटापाशी चेपला आणि बोटं आतल्या मुठीवर अडकली. गुरुजी माईकवर रडवेल्या आवाजात माझं बलिदान सांगत होते, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी मेलेला असल्यामुळे मला ओरडताही येत नव्हतं. अंगावर पडलेला दोस्त माझ्या कानाशी पुटपुटत होता, "भाऊ, माफ करा, भाऊ, लई लागलं का?"

मांडवामागे गेल्यावर हात निघेना. साबणाचं पाणी ओतलं, खोबरेल ओतलं, दोघांनी मला धरलं आणि तिसऱ्याने पट्टा ओढला. बोटं सुजत चाललेली. शेवटी टेम्पोत घालून मला स्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्याकडे नेलं. मागोमाग सगळं मंडळ. मी अंगरख्यात, कपाळाला खोटं रक्त, हाताला पट्टा, आणि रस्त्यावरची माणसं मोबाईल काढून उभी. वेल्डिंगवाल्याने ग्राइंडर हातात घेतला आणि विचारलं, "कापू का?" मंडळातले सगळ्यात जुने होते ते आडवे आले. "देव्हाऱ्यातली वस्तू हाय ती. जरा दम धरा, सूज उतरंल." दुसरा म्हणाला, बर्फ आणू. माझी लेक माझ्या कोपरापाशी वाकून खोबळ्याच्या तोंडातून आत बघत होती. तिने आत बोट घातलं, दाबलं आणि विचारलं, "बाबा, कळतंय का काही?" मला कळत नव्हतं. ती म्हणाली, "आता थांबलो तर हात जाईल. कापायला सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. पट्टा माझा, हात माझा, आणि मी गप्प. मला खरोखर असं वाटत होतं की तुम्ही त्या दुकानाच्या पायरीवर बसला आहात आणि मी तोंड उघडलं की वर बघाल. हात गेला असता तरी मी तसाच उभा राहिलो असतो, आबा. शेवटी तीच वेल्डिंगवाल्याला म्हणाली, "कापा. मी सांगते." तिने ओलं फडकं आत कोंबलं आणि माझा खांदा धरून ठेवला. ठिणग्या उडाल्या. खोबळा उकलला तेव्हा हात कुणा परक्याचा असावा तसा निळा पडलेला होता. माझा दोस्त बाकावर बसून ढसाढसा रडत होता, आणि डोक्यावर अजून सरदाराचं पागोटं.

हात वाचला. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, पण वाचला. काल सकाळी मी लेकीला चहाला बसवलं आणि म्हटलं, खोबळा जोडून घेतोय, तुझ्या मापाचा करतो, दसऱ्याला घालू. कप खाली न ठेवता ती म्हणाली, "नको बाबा. मला खेळायला आवडतं, आवडेल तोवर खेळेन. पण तो पट्टा माझ्या हातात घालू नका." आणि पुढे, "कोल्हापूरच्या दवाखान्यात जागा मिळालीय. पुढच्या महिन्यात जाते." एवढंच. मग तिने मला विचारलं, बिस्कीट हवं का?

मी म्हटलं, बरं झालं. जा. तिच्या आईला डोळे पुसायला पदर घ्यावा लागला, मी मात्र अगदी शहाण्या बापासारखा हसलो. मंडळातले आता म्हणतील ते म्हणोत, निदान तिची पिशवी खुंटीला राहणार नाही. हे तुम्हाला अभिमानाने लिहावं म्हणूनच मी आज कागद घेतला होता. पण हे पत्र जाणार कुठेच नाही, लिहून झालं की मी ते चुलीत घालणार आहे, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मला आनंद झाला नाही. मला तिचा राग आला. ज्या एका शब्दासाठी माझा जन्म गेला, तो तिने चहा पिता पिता उच्चारला.

काल दुपारीच वेल्डिंगवाल्याचा फोन आला. जोडायचा तर कुणाच्या मापाचा, त्याने विचारलं. तुम्ही नव्हता, मंडळातलं कुणी नव्हतं, लेक ड्यूटीवर गेली होती. नको म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. मी म्हटलं, "माझ्याच मापाचा कर. जरा सैल ठेव."