सुलभाच्या हाताची भरपाई

९ जानेवारी १९९९
नवी डायरी, कंपनीची. यंदा रोज लिहिणार. (आठ दिवस आधीच हुकले. ऑफिसात वर्षअखेरीची कामं होती.)
मुख्य विषय: सुलभाचा हात. ऑक्टोबरात इथे देरा भागात रस्ता ओलांडताना पिकअपने उडवलं. उजवं मनगट मोडलं. सरकारी हॉस्पिटलात हेल्थ कार्डावर ऑपरेशन झालं, पण बोटं मिटत नाहीत. डॉक्टर जहूर म्हणतात, दुसरं ऑपरेशन मेच्या आत व्हायला हवं. ते मुंबईत करायचं. पिकअपची इन्शुरन्स कंपनी चाळीस हजार दिरहम द्यायला तयार आहे. म्हणजे साडेचार लाख रुपये!
आमच्या ऑफिसचा पीआरओ मोहिद्दीन, सरकारी कागद बघणारा, म्हणाला, भानुभाई, वकील कर लो. वकील दहा टक्के मागणार. बावीस वर्षं शिपिंगची कागदपत्रं करणाऱ्या माणसाला वकील कशाला?

२७ जानेवारी
हॉस्पिटलचं पत्र. अरबीत. आकडे मात्र मला येतात, नंबरप्लेटा वाचून वाचून. २२६००. फाइल नंबर असणार. सुलभाने विचारलं, काय लिहिलंय. रूटीन, म्हटलं.

१६ फेब्रुवारी
फाइल नंबर नव्हता.
मोहिद्दीनने वाचून दाखवलं. सरकारने कार्डावर जो खर्च केला, तो नुकसानभरपाईतून आधी वसूल होणार. बावीस हजार सहाशे दिरहम. तोवर चेक अडकलेला. हरकत असेल तर पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांत अर्ज. त्यातले वीस गेले.
म्हणजे हे लिएन! भाडं मिळेपर्यंत माल अडवून ठेवायचा, तेच. हा तर माझा प्रांत. उलट बरंच झालं.

२१ फेब्रुवारी
सात पानी अर्ज, इंग्रजीत. 'व्हेअरॅज' चौदा वेळा. इशिताने वाचला. म्हणाली, "बाबा, बट व्हॉट आर यू आस्किंग फॉर?" नववीतल्या मुलीला काय कळणार.
हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या माणसाने अर्ज न वाचताच परत दिला. हबीबी, अरबीत आणा.

२४ फेब्रुवारी
टायपिंग सेंटर, अरबीत अर्ज लिहून देणारं. टायपिस्टचं नाव याकूब. त्याला हिंदीत समजावलं, हम मानते हैं के रकम बहुत ज्यादा है, वगैरे. सात पानांचं त्याने चार ओळींत बसवलं. अरबी भाषा फार नेटकी. सही ठोकली, अर्ज दिला.
सुलभा म्हणाली, आधी मोहिद्दीनभाईंना दाखवायचा होता. प्रत्येक गोष्ट त्याला काय दाखवायची? निम्मी रक्कम सुटलीच समज, म्हटलं.

२ एप्रिल
उत्तर नाही. चांगली खूण. विचार करतायत.
काल इन्शुरन्सवाल्यांचा फोन. खर्च वजा जाता सतरा हजार चारशे उरतात, हवे तर लगेच घ्या. म्हणजे दोन लाख. मुंबईचं ऑपरेशन तेवढ्यात होतं. सुलभा म्हणाली, "अहो, घेऊन टाकूया ना. मला हात हवाय, पैसे नकोत." मी म्हटलं, आता घेतले तर आपण कच खाल्ली असं होईल. पूर्ण घेऊ. ती उठून आत गेली. पटलं असावं.
हल्ली पोळ्या इशिता लाटते. वातड, पण सुधारतेय.

२३ मे
उत्तर आलं. मोहिद्दीनने पत्र वाचलं, मग आमच्या अर्जाची कॉपी मागितली. ती वाचून चष्मा काढला. याकूबने लिहिलं होतं, रक्कम आम्हाला मान्य आहे. खाली माझी सही. आरोग्य खात्याने आभार मानलेत.
मागितलं असतं तर थोडं कमी झालंही असतं, म्हणाला. आता खलास.
चूक भाषांतराची. माझा मूळ मसुदा निर्दोष होता.

१० जून
डॉक्टर जहूर. एक्स-रे बघितला, बोटं वाकवून बघितली. सुलभा ओरडली नाही, नुसते डोळे मिटले. म्हणाले, सांधे आखडलेत, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. एप्रिलमध्ये का नाही गेलात? मी केस समजावून सांगायला लागलो. लीगल पॉइंट जरा गुंतागुंतीचा आहे. ते माझ्याकडे बघतच नव्हते.
टॅक्सीत म्हटलं, मुंबईत दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. इन्शाल्ला. सुलभा म्हणाली, "तुम्ही आता काही करू नका."

२९ जून
इन्शुरन्सच्या ऑफिसात गेलो. चेक सुलभाच्या नावाचा. सतरा हजार चारशे. पावतीवर तिची सही हवी, पासपोर्टवरच्यासारखी. उजव्या हाताने पेन धरवेना. डाव्याने दोनदा केली. क्लार्क म्हणाला, मॅच नहीं हो रहा. तिसऱ्यांदा पेन खाली पडलं.
मग त्याने शाईचा पॅड पुढे केला. मॅडम, पढ़े-लिखे नहीं हैं? मी सांगायला लागलो, बी.कॉम. आहे, फर्स्ट क्लास. सुलभा म्हणाली, "जाने दीजिए," आणि अंगठा पुढे केला.
कागद हलू नये म्हणून मी धरून उभा होतो.