दोरीने लावलेली चाकं

अण्णा, आज सकाळी एक मुलगी गाडी घेऊन आली आणि मोबाइलवर टिपलेले दर माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, अलाइनमेंटमध्ये नक्की काय काय येतं ते आधी सांगा. एकजण इतके सांगतो, दुसरा दुप्पट." असं कुणी खडसावून विचारलं की माझं डोकं फिरतं, तुम्हाला ठाऊकच आहे. पण आज मी सांगतच सुटलो. आधी चारी चाकांची हवा. मग पुढची बाजू जॅकवर उचलून चाक दोन्ही हातांनी हलवून बघायचं. सांधे सैल असले तर ते आधी बदलायचे, सैल सांध्यावर चाक लावून देणं म्हणजे सरळ सरळ लुबाडणं. स्टिअरिंग मधोमध धरून बांधायचं, मगच चाकांची दिशा धरणाऱ्या रॉडला हात. शेवटी गाडी रस्त्यावर नेऊन, हात सोडून, सरळ जाते का ते बघायचं. आणि पैसे बघण्याचे नाहीत, रॉड फिरवावा लागला तर फिरवण्याचे. बोलता बोलता लक्षात आलं, यातलं माझं काहीच नाही. शब्दन् शब्द तुमचा.

अजून डोळ्यांपुढे येतं: नारायणगुड्याच्या गल्लीत तुम्ही उकिडवे बसलेले आहात. कानावर पेन्सिल, हातात स्टीलची पट्टी, आणि मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणलेली ती सुती दोरी. दोरी आणि चाक यांतली फट तुम्ही पुढून मोजता, मागून मोजता, पुटपुटता, रॉड पाव आटा फिरवता, पुन्हा मोजता. मग गाडी विद्यानगरच्या सरळ रस्त्यावर. ज्या गाडीला काहीच करावं लागलं नाही तिच्या मालकाकडून फक्त चहा. "अण्णा, कुछ तो लेव," तो म्हणायचा. "किया कुछ नै, तो लेऊं कैकू?" तुम्ही म्हणायचात. मी शेजारी उभा राहून दात-ओठ खायचो. हा माणूस असाच मरणार, असं मनात यायचं. दोरीची तर मला इतकी लाज वाटायची की कॉलेजातल्या मित्रांना मी त्या गल्लीतून कधी नेलं नाही.

मग नव्या कंपन्यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या, आणि विद्यानगरला कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करणारं पहिलंवहिलं दुकान निघालं. काचेची केबिन, फरशी चकचकीत. मी तिथे लागलो. चाकांना यंत्रं लावायची, पडद्यावर आकडे उमटायचे: चुकलेले लाल, बरोबर असलेले हिरवे. पैसे तुमच्या तिप्पट. मालकाची एकच ताकीद होती, की आकड्यांचा जो पहिला कागद छापून निघतो त्यावर लाल दिसलंच पाहिजे. हिरवं बघून कोण पैसे देईल? म्हणून मोजण्याआधी गुपचूप रॉड अर्धा आटा फिरवायचा, लाल दाखवायचं, परत जागेवर आणून हिरवं दाखवायचं. मी त्यात चांगला तरबेज झालो होतो अण्णा. घरी तुम्हाला मी सांगितलं नाही.

आणि तुम्ही एक दिवस आलात. तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंची जुनी फियाट घेऊन, आदल्या संध्याकाळीच दोरीवर लावलेली. धुतलेला शर्ट घातला होता. म्हणालात, "मला बघायचंय, माझी दोरी किती खरी आहे ते." मी यंत्रं लावायला घेतली तर म्हणालात, "थांब, हात धुऊन येतो, तुझ्या मशीनला काळं नको लागायला." तुम्ही नळावर गेलात. पडद्यावर आकडे आले. हिरवे! एकूण एक हिरवे. मालक केबिनमधून बघत होता, हे खरं. पण त्याचं नाव कशाला पुढे करू? मलाच एकदा तुमच्यापेक्षा शहाणं ठरायचं होतं. मी गाडीखाली शिरलो आणि पाना लावला.

तुम्ही हात पुसत आलात तेव्हा पडदा लाल होता. पडद्याजवळ वाकून म्हणालात, "मग इतकी वर्षं लोकांना मी वाकडंच पाठवत होतो की काय रे?" मी काय म्हणालो, आठवतंय? "चालायचंच अण्णा, नुसत्या डोळ्याला किती दिसणार!" जीभ झडायला हवी होती माझी. मग मी रॉड परत फिरवला, हिरवं दाखवलं, आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. दोन्ही कागद मागून घेतलेत. ते खिशात घालून नारायणगुड्यात दारोदार हिंडलात, "माझी चूक मुलाने पकडली, आता त्याच्याकडे जा," म्हणून सांगत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेरी गाडी तो सीधीच जाती थी, अण्णा." हे तुम्ही मला घरी हसत सांगितलंत. बाई भली आहे, मला वाईट वाटू नये म्हणून बोलते, म्हणालात. आणि दोरी बिस्किटांच्या डब्यात घालून फळीवर ठेवलीत. ती तुम्ही पुन्हा काढली नाहीत.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. रोज रात्री माझ्यासमोर ताटावर बसत होतात. खरं सांगायला एक वाक्य तर पुरलं असतं, पण तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगत होतात आणि मला ते गोड लागत होतं. नीच होतो मी. गाडी सरळ होती, अण्णा. फट दोन्हीकडे सारखी होती. तो पहिला हिरवा कागद मी छापलाच नाही.

आता माझं स्वतःचं दुकान आहे, तुमचा डबा टेबलाखाली असतो, हे लिहिलेलंही त्यातच दोरीवर ठेवीन. एक सांगायचं राहिलं. त्या मुलीची गाडी हिरवी निघाली, मी पैसे घेतले नाहीत. ती चकितच झाली. "काका, हे असं कुणी शिकवलं तुम्हाला?" "वडिलांनी," मी म्हणालो. "त्यांचंही असंच मशीन होतं?"

मी हो म्हणालो.