शिडाच्या बोटीवरचा अंगारा

कोची, जानेवारी २००३

तीर्थरूप आबांस, बिरदेवचा लांबून दंडवत.

माझी तब्येत बरी हाय आन् कस्टममधली नोकरीबी शाबूत हाय. पण परवापास्नं जेवणात मन लागंना.

परवा एक गोरी म्हातारी एकटीच शिडाची बोट घेऊन आली. परदेशी बोट आली की साहेब कागद बघत्यात आन् आम्ही शिपाई आतलं सामान तपासतो. आत एका दाढीवाल्याचा फोटो होता, म्होरं मेणबत्ती आन् लाकडी डबी. डबी उघडली तर राख. मला वाटलं, ह्यांच्या बाबाचा अंगारा असंल. आपल्या बिरोबाच्या देवळात करतो तसंच केलं. कपाळाला लावला आन् चिमूटभर जिभेवर ठेवला.

म्हातारी मटकन खाली बसली. साहेबांनी हातातले कागद पुन्हा चाळले. मग हळूच म्हणाले, बिरदेव, ती तिच्या नवऱ्याची राख हाय. मागच्या बंदरात वारला तो.

आबा, मी म्हातारीच्या पाया पडलो. तिनं तक्रार केली न्हाई. रुमालानं माझं कपाळ पुसलं आन् रुमाल घडी करून डबीजवळ ठेवला. तिला पोरबाळ न्हाई म्हणं.

आईचा गुडघा कसा हाय? तिला हे वाचून दाखवू नका. मेंढरं औंदा कुठवर गेलीत?

मी सुतक धरलंय. डोई भादरायला न्हाव्याकडं गेलो होतो, पण तुम्ही हयात असताना वस्तरा लावून घ्यायला धीर झाला न्हाई, तसाच माघारी आलो. आता तुम्हीच सांगा आबा, पोटात गेलेल्या माणसाला परका कसा म्हणू?

तुमचा,
बिरदेव