मांडीवरचा फोटो

२५ डिसेंबर, सकाळ

निघालो बाई एकदाचं! जालन्याहून चिकलठाण्यात राहायला आलो त्याला दिवाळी उलटून गेली, पण या शहराची माझी ओळख म्हणजे आमचा फ्लॅट, खालची भाजीवाली आणि डोक्यावरून जाणारी विमानं. वरदला शेंद्र्याच्या कंपनीतून सुट्टी म्हणून मिळत नव्हती. आता मिळालीये, तर म्हणे कन्नडच्या पुढं तळ्याकाठी ग्लॅम्पिंग करू. म्हणजे काय, तर तंबूत राहायचं. पण तंबूत पलंग, गिझर, एसी सगळं. मी म्हटलं, मग आपलं घर काय वाईट होतं? तर म्हणाला, घरी तुला गरमागरम हुरडा भाजून कोण देणार? हे मात्र पटलं.

मनू मागं बसलीये. आमची मनस्विनी, दुसरीत आहे. समोरचा दात हलतोय तिचा, सारखी जिभेनं ढकलतेय. गाडी हादरली की दात पडेल म्हणून बाबाला सांगतेय, खड्ड्यातूनच घे!

२५ डिसेंबर, दुपार

काय काय बघितलं आज! दौलताबादच्या पुढं एका ढाब्याच्या छतावर ट्रकएवढं सिमेंटचं वांगं आहे. आतून शिडीनं चढायचं आणि देठापाशी मुंडकं बाहेर काढून फोटो काढायचा. चढले मीही, लाज कसली? मग जुन्या एसटीतलं चहाचं हॉटेल. दोरी ओढून घंटी वाजवली की चहा येतो. मनूनं घंटी इतकी बडवली की मालक वैतागला. निघताना मी त्याला म्हटलं, या कधी घरी, राहायलाच या.

वरद हसून बेजार. म्हणतो, तू टोलनाक्यावरच्यालासुद्धा जेवायला बोलावशील. बोलावीन! आमच्या आईची शिकवणच आहे, कुणाशी दोन शब्द बोललं की 'या' म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. येतंय कोण लेकाचं?

वेरूळ मागं टाकल्यावर सिमेंटच्या माणसांची बाग लागली. फेटेवाले, पखालवाला, जात्यावरच्या बाया, सगळी माणसाएवढी. कडुबा नावाचे राखणदार आहेत. त्यांनी दारातच बजावलं, फोटो लई काढा, पण मूर्तीसंगं बोलू नका. पाटीही आहे तशी. म्हटलं, असते एकेकाची तऱ्हा.

ओट्यावर नऊवारीतली एक बाई मांडी घालून बसवलीये. कडुबा म्हणाले, ह्या केसरबाई. काय हुबेहूब! गालावर देवीचे व्रणसुद्धा. मनूला तिच्या मांडीवर बसवलं, फोटो काढला. कपाळ ओकंबोकं दिसलं म्हणून माझ्याकडची एक जांभळी टिकली लावली. आणि निघताना तोंडातून गेलंच. बरंय केसरबाई, येतो आम्ही, या हं आमच्याकडं, राहायलाच या.

कडुबांचा चेहरा खर्रकन उतरला. गाडीमागं चार पावलं पळाले, हातवारे करत होते. वरदनं हॉर्न वाजवून टाटा केलं.

२५ डिसेंबर, संध्याकाळ

तळं सुंदर आहे. हुरडा इतका कोवळा की चटणीचीही गरज नाही. पण तंबूत पलंग चार मांडलेत. आम्ही तिघं. इथला मॅनेजर सोमनाथ विचारत होता, मावशी कुठं बसल्या? म्हटलं, कोण मावशी? तर ओशाळून गेला. दुसऱ्या कुणाशी गल्लत झाली असेल.

मनू मलूल आहे. पाय जड झालेत म्हणते, उचलून घे म्हणते. हात गार लागले. थंडी आहे म्हणा.

आत्ता फोटो बघत होते. ओट्यावरचा फोटो उघडला. मनू बसलीये, पण अधांतरी. तिच्याखाली मांडीच नाही. उन्हाची तिरीप असेल, दुसरं काय. वरदला दाखवला, त्यानं धड बघितलासुद्धा नाही.

२६ डिसेंबर, सकाळ

मनू पलंगावर नाही.

बाहेर आगटीपाशी नऊवारीतली बाई बसलीये. वरदला चहा ओतून देतेय. कपाळावर माझी जांभळी टिकली.

मी किंचाळले, मनू कुठाय? वरदनं विचारलं, कोण मनू? थट्टा नाही करत. माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. म्हणाला, केसरमावशी इतक्या हौसेनं आपल्यासोबत आल्यात आणि तू सकाळी सकाळी काय मांडलंयस.

तळ्याकाठी जाऊन आले, सोमनाथला विचारलं. तो म्हणतो, तुमच्यासंगं लेकरू नव्हतंच ताई.

फोनमध्ये वांग्याच्या देठातून केसरबाई डोकावतेय. एसटीतली घंटी केसरबाई वाजवतेय. मनू एकाही फोटोत नाही.

उशीखाली दात सापडला. इवलासा, मुळाशी रक्त. मुठीत धरलाय. मला वेड लागलेलं नाही.

२६ डिसेंबर, गाडीत

घरी नेतोय मला. वाटेत बाग लागते. तिथं थांबव म्हणून पाया पडले त्याच्या.

मागच्या सीटवर ती. मनूच्या जागेवर. पदरातून सिमेंटची भुकटी सांडतेय.

मनस्विनी. दुसरीत आहे. शेपूचा वास नको वाटतो. झोपताना माझा कान धरते. डावा — डावाच ना? वाढदिवस उन्हाळ्यात — लिहीत राहायला पाहिजे, लिहिलं नाही की पुसून जातंय —

२६ डिसेंबर, बाग

ओट्यावर आहे. माझं लेकरू. सिमेंटचं. पाय लोंबकळतायत, समोर दाताची फट.

हाका मारल्या, ओढलं, डोकं आपटून घेतलं. हलत नाही.

कडुबा रडतायत. म्हणतात, मी सांगत व्हतो बाई. बोलावलेलं माणूस उठून जातं. पण जागा मोकळी राहत नाय. त्याला चिकटून जो बसला त्यानं ती धरायची. आणि मनूला तिच्या मांडीवर मीच बसवलं होतं. फोटोसाठी, मीच.

मग सोपं आहे.

तिच्याजवळ बसले. घट्ट. कान दिला धरायला. म्हटलं, ये गं मने, ये आपल्या घरी, राहायला ये —

उठली! धूळ झटकली, हसली, फटीतून जीभ काढली — पळत गाडीकडं गेली. वळून बघितलं नाही. केसरबाईकडं पाणी मागतेय. तिला आई म्हणतेय.

म्हणू दे. चालतेय, बोलतेय. बास झालं मला.

वरदला मी आठवतच नाही. गाडी गेली.

पाय गेले. कंबर जड. हात चालतोय अजून —

कुणी आलंच तर लेकराला माझ्या मांडीवर देऊ नका. काही झालं तरी —

गाडी थांबलीये एक. बाई उतरली, कडेवर बाळ. सगळ्यांशी बोलतेय, कडुबांशी, पाटीशीसुद्धा. माझ्यासारखीच. बाळाला माझ्याकडं आणतेय — नको गं बाई, नको, उचल त्याला — बोटं वळेनात — उचल — पण जाताना एकदा, सवयीनं का होईना, म्हण गं, या रा