मातेची बोट सिएनागासमोर अडली त्याबद्दल

१७ जुलै, सकाळचे साडेसहा. बोटीच्या बुडाशी पालथा पडून वायरी सोडवत होतो, तो आत्ताच उठलो.

आदरणीय धर्मपिता, पाद्रिनो एव्हारिस्तो यांना, त्यांच्याच मांडीवर बाप्तिस्मा झालेल्या नेरेओचा नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल आणि बारांकिलियातली लेक तुम्हाला बिनमिठाचं जेवण घालत नसेल अशी आशा आहे (हे तीच वाचून दाखवणार, तेव्हा तिने राग मानू नये). इकडे धर्ममाता मद्रिना, बोट आणि मी, तिघंही अजून तरंगत आहोत.

काल आम्हा दर्यावर्दींच्या पाठराखीण कार्मेनमातेची समुद्रातली मिरवणूक झाली. यंदा पहिल्यांदाच मूर्तीचा मान आपल्या बोटीला. काही बिघडलं तर तो परत दागोबेर्तोच्या बोटीकडे जाणार, हे समितीने मला एकदा बजावलं होतं आणि दागोबेर्तोने रोज. म्हणून मी आधीच वायरिंग तपासायला घेतलं. एक बॅटरी मोटार सुरू करायला, दुसरी दिव्यांच्या माळांना आणि कर्ण्याला, मध्ये कोणती बॅटरी वापरायची ते निवडायचा खटका. इथवर सोपं. पण पाद्रिनो, वादळातून वाचल्यावर तुम्ही नवस फेडलात आणि सगळी वायर मातेच्या झग्याच्या तपकिरी रंगाची घातलीत. सगळी! (भक्तीबद्दल मला शंका नाही.) अधिक कोणती, उणे कोणती हे माता आणि तुम्ही दोघंच जाणता, आणि तुम्ही डोळ्याला पट्टी लावून पडलेले. मी वायरीवायरीला शुद्धलेखन तपासून चिठ्ठी बांधली. मद्रिनांनी बोट धुतली. चिठ्ठ्या राहिल्या, शाई गेली.

खटका बंद केला तरी कर्णा गातच राहिला, तेव्हाच मला संशय आला की तो थेट मोटारीच्या बॅटरीवर बसलाय. पक्कड उचलली, तर मद्रिना कडाडल्या, "तीर्थ शिंपडलेल्या वायरीला हात लावशील तर हात झडेल मेल्या!" मी पक्कड खाली ठेवली.

बुडालेल्यांसाठी फुलं सोडायला समुद्रात मोटार बंद केली. पाद्री विल्फ्रिदो दोन शब्द बोलतो म्हणाले. ते दोन शब्द बॅटरी संपेपर्यंत चालले. 'आमेन'ला कर्णा नुसता कुजबुजला. मोटारीची चावी फिरवली: टक्. खटका दुसऱ्या बॅटरीवर घेतला: टक्सुद्धा नाही. (तिची उणे बाजू पहिलीला जोडलेलीच नव्हती, म्हणून तिची वीज मोटारीपर्यंत पोचलीच नाही, हे आज पोटावर झोपून कळलं.) दिवे मात्र निर्लज्जासारखे झगमगत होते. दोरी ओढून सुरू करावी, तर मोटारीवर मद्रिनांची फुलांची कमान.

"काय रे नेरेओ," दागोबेर्तो शेजारून ओरडला, "मातेलाच उतरून धक्का मारायला सांगतोस का?"

पाद्री बंद पडलेला माईक हाताने झाकत म्हणाले, "पोरा, काहीतरी कर. मला पोहता येत नाही."

मी काही करायच्या आत वाऱ्याने बोट ढकलत सिएनागा वस्तीसमोर नेऊन टेकवली. तिथे पाणी उथळ, झोपड्या गरिबांच्या. मिरवणूक तिकडे कधी वळतच नाही. बायका कमरेएवढ्या पाण्यात धावल्या. "आली गं बाई! आपल्या दारी स्वतःहून आली!" म्हातारी एउदोक्सिया मूर्तीच्या पायाला हात लावून मला म्हणाली, "जन्मभर लांबूनच पाहिली रे हिला." मी तोंडातल्या तोंडात 'बॅटरी' म्हणालो. कुणी ऐकलं नाही, बरंच झालं.

तुमचा आज्ञाधारक,
नेरेओ

ता. क. मद्रिना चर्चमध्ये गेल्यावर दोन्ही उणे बाजू जोडल्या, कर्णा दुसऱ्या बॅटरीवर घेतला. आता मोटार चावीला हात लावताच सुरू होते. काळजी नसावी.

पुन्हा ता. क. समितीचा निरोप आत्ताच आला: मान कायमचा आपला, कारण माता आता दरवर्षी सिएनागासमोर थांबणार. मी पाद्रींना विचारलं, तिथे गेल्यावर मोटार बंद करू का? म्हणाले, "तू बंद केलीस तर ती लबाडी. आपोआप बंद पडली तर मला काही विचारू नकोस." तेव्हा पट्टी सुटल्याबरोबर तुमची मूळ जोडणी चित्र काढून पाठवा. त्यात काहीही दुरुस्त करू नका.