पिवळं जॅकेट आणि माझा संयम

शनिवार, २६ एप्रिल
आजपासून मैदानाच्या कडेला तोंड उघडायचं नाही. माझं काही चुकलं म्हणून नव्हे. इल्वा गाडीत म्हणाली, "बाबा, अजून एकदा ओरडलास तर मी फुटबॉल सोडणार." दहा वर्षांची पोर! तिच्यासारखा डावा पाय अख्ख्या फ्योर्डच्या काठावर नाही. ती सोडणार म्हणजे नॉर्वेचं नुकसान. देशासाठी गप्प बसतो.

सोमवार, २८ एप्रिल
कोच आउडुनचा फोन. शनिवारी लिआ क्लबविरुद्ध मॅच, आणि यजमानाची पाळी माझी. पिवळं जॅकेट घालून उभं राहायचं आणि आईबाप पिसाळले तर त्यांना हसून शांत करायचं. आउडुन म्हणाला, "स्टायनार, नाही जमलं तरी चालेल हं. खरंच चालेल." तीनदा म्हणाला. माझ्या वेळेची किती काळजी!
बायको, रान्डी, म्हणाली, "शनिवारी मी बहिणीकडे जाते."

बुधवार, ३० एप्रिल
आरशासमोर हसण्याचा सराव. गाल दुखले.
कामगारांच्या सभेत खवळलेला हॉल गप्प केलाय मी. मूठभर आईबाप काय चीज?
खरा रोग वेगळाच आहे. मुलांच्या फुटबॉलमध्ये गुणतक्ता नाही, विजेता नाही; सगळ्यांना टाळ्या आणि वॉफल. त्यावर कहर म्हणजे चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जास्तीचा खेळाडू! आळशांना बक्षीस! अशानेच कणा नसलेली पिढी तयार होते. हे सगळं मनात. ओठांवर हसू.

शनिवार, ३ मे, सकाळ
जॅकेट चढवलं. खांद्यात घट्ट, पण अधिकार शोभतो.
लिआ संघातल्या एका मुलीच्या बापाने तिला नावाने हाक मारली. तिथेच झापला. तो म्हणाला, "अहो, बुटाची नाडी सुटलीय तिच्या." सबबी!

त्याच दिवशी, संध्याकाळ
जे घडलं ते शांतपणे लिहितो.
मध्यंतरापर्यंत चार-शून्य. तीन गोल इल्वाचे. मी चकार शब्द काढला नाही. मग तो भिकार नियम लागू झाला. लिआकडे राखीव मुलगीच नव्हती. आउडुनने विचारलं, "त्यांच्याकडून कोण खेळतंय?" इल्वाने हात वर केला. माझ्या पोरीने! त्यांचा निळा शर्ट घातला, आणि पाच मिनिटांत आमच्याच गोलात बॉल मारला. त्याच डाव्या पायाने. लिआचे आईबाप तिच्या नावाने नाचायला लागले.
मी एकच शब्द उच्चारला. "गद्दार!" तो नियमाला उद्देशून होता. बोट इल्वाकडे गेलं, तो योगायोग.
आणि मैदानात दोन पावलं टाकली. रेफरी बर्ग्लिओत, ती औषधांच्या दुकानातली, म्हणते मी मध्यरेषेपर्यंत गेलो होतो. तिने मॅच थांबवली. "यजमान कुठेय? या माणसाला बाहेर काढा."
मी म्हटलं, यजमान मीच.
ती म्हणाली, "मग काढ की. हसून काढ."
सगळं मैदान खिदळलं. दोन्ही संघांचे आईबाप, एकदिलाने. मी स्वतःला सन्मानाने पार्किंगपर्यंत पोचवलं. नियम पाळणारा तिथे मी एकटाच होतो, पण टाळी एकानेही वाजवली नाही.
इल्वा आउडुनच्या गाडीने घरी आली.

रविवार, ४ मे
धमकी पोकळ निघाली! इल्वा फुटबॉल सोडत नाहीये. मी म्हटलं, शाबास, हाच तो कणा. ती टोस्टवर तपकिरी चीज ठेवत म्हणाली, "मी नाही सोडत, बाबा. तू सोड."
पोरांचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.
रान्डी म्हणाली, "ती मनापासून बोलतेय."
रान्डी मॅचला नव्हतीच, तिला काय कळतंय?

शनिवार, १० मे
आज मॅच. घरीच थांबलो. पाठ धरली आहे.
दोघी चारला आल्या. इल्वा चिखलाने माखलेली, गाल लाल. स्वयंपाकघरात रान्डीला एकेक पास हातवारे करून दाखवत होती, "आणि मग मी अशी वळले!" म्हणून हसत होती. असं हसताना तिला बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.
किती गोल, ते विचारायला दारात गेलो. हसणं थांबलं. "पाणी प्यायला आलो," म्हटलं. प्यालो.
परत आलो आणि खोलीचं दार लावून घेतलं, म्हणजे तिला पुढचं सांगता येईल.